खालच्या वाटेचा नारायण

पुसाचा नारायन, चालं खालच्या वाटंनं,
लेकी, अंगन मोकळं ठेव, येतो थकल्या पायानं.

हा आवाज गोजराबाईच्या कानात शिरला तेव्हा जात्याच्या खुंट्याला तिचा हातही पुरत नव्हता. परभणीकडचं गाव. पौषातली थंडी. दळण उरकून आई उठायची, गोधडीतल्या लेकीला तशीच गुंडाळून उचलायची आणि भिंतीच्या उन्हात नेऊन बसवायची. जात्यावर उरलेली ओवी मग तिथं पुरी व्हायची. ऊन पायाच्या बोटांवरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून मांडीवर चढायचं आणि आईचा आवाज त्याच्या मागोमाग यायचा. त्या वयात ओवी म्हणजे उबेचाच एक प्रकार. तिचा अर्थ काय लावायचा? शालीला कुणी अर्थ विचारतं का?

पुढे ती रामकिसनच्या मागं बोईसरला आली. जातं सुटलं, गिरणी आली. आई गेली. आवाज तेवढा वर्षातून एकदा, पौषात, अंगणात ऊन उतरलं की न चुकता यायचा.

अंगण कारवीपाड्यातलं. सालवड ओलांडून कारखान्यांच्या रस्त्यावरून आत वळलं की बैठ्या घरांची एक रांग लागते. बहुतेक घरं मराठवाड्या-खानदेशातून कामाला आलेल्यांची. रांगेच्या टोकाला मंगळीचं कुडाचं घर आणि तिचं खळं, ते मात्र सगळ्यांच्या आधीपासूनचं. रांगेची दारं दक्षिणेला. दक्षिणेचं दार चांगलं नसतं म्हणून तर या जागा यांच्यासारख्यांना परवडल्या. भटजींनी तोंड वाकडं केलं होतं. रामकिसन म्हणाला होता, यमाला आमचं घर सापडायला सोपं जाईल, त्यात काय.

पण दक्षिणेच्या दाराला एक देणगी असते, आणि ती थंडीत कळते. हिवाळ्यात सूर्य आभाळाच्या माथ्यावर जात नाही, दक्षिणेच्या अंगानं कडेकडेनं चालतो. मग समोरच्या माळावरून आलेलं ऊन सकाळी उंबऱ्याशी बसतं ते दिवस मावळेपर्यंत उठत नाही.

रामकिसनला ते ऊन औषधासारखं होतं. त्यानं उभा जन्म रंगाच्या कारखान्यात रात्रपाळी केली. उजेड म्हणजे ट्यूबलाइटचा, सकाळ म्हणजे झोपायची वेळ. नखं हळदीच्या डागासारखी पिवळी झाली ती कायमची, आणि नोकरी सुटल्यावर बोटं आखडत गेली. थंडीत तर मूठ मिटायची ती मिटायचीच. सकाळी तो प्लास्टिकची खुर्ची अंगणात ओढून दोन्ही हात मांड्यांवर पसरून बसायचा, जणू तेही वाळत घातलेत. ऊन मुरलं की एकेक बोट उलगडायचं. मग सदऱ्याच्या गुंड्या तो स्वतः लावायचा, खालून वर, सावकाश. गळ्याजवळची शेवटची लागली की गोजराबाईकडं बघून म्हणायचा, "लागली." त्या एका गुंडीवर त्याचा सगळा तोरा होता. तिनं मदतीला हात पुढं केलेला त्याला चालायचा नाही.

आणि समोरचा माळ भाग्येश शेठनं घेतला.

शेठला सात मजले चढवायचे होते. ग्रामपंचायतीचा जुना नियम तिनाच्या वर ना-हरकत देत नव्हता. पंचायत म्हणाली, नाहीतरी बांधकामाचे नियम आता नव्यानं करायचेच आहेत, एक मेच्या ग्रामसभेत ज्याला जे म्हणायचं ते म्हणा. रांगेतल्या बाया घाबरल्या. त्यांचा बचत गट होता आणि गटाचं सारं भांडवल म्हणजे वैशाखातलं ऊन. कुरडया, पापड, सांडगे, शेवया; पालघरपासून चिंचणीपर्यंत त्यांच्या कुरडईला नाव होतं. गटाची पुढारीण वर्षाराणी धुळ्याकडची, बोलायला फटकळ, पण ग्रामसभेत नक्की काय मागायचं ते तिलाही सुचेना. सात नको, तीनच ठेवा म्हणावं, तर शेठनं निम्मी पंचायत आधीच गोड केलेली.

गोजराबाईचा मुलगा सुजित शेठच्याच ऑफिसात नकाशे काढायचा. डिप्लोमा झालेला, सून प्रतीक्षा, भाड्याची खोली, रविवारी आईकडं जेवायला. त्या रविवारी ताटावर बसल्या बसल्या त्यानंच विषय काढला.

"आई, मजल्यांवर भांडू नका. ते आज ना उद्या वाढवतातच. तुम्ही ऊन मागा. वाळवणाच्या दिवसांत नव्या इमारतीची सावली कुणाच्या अंगणात पडता कामा नये, एवढी अट लिहून घ्या. ह्याला नाही कोण म्हणेल?"

"अन् तुझा शेठ?"

"म्हणून तर माझं नाव घेऊ नको कुठं."

रामकिसन ताटातून मान वर न करता म्हणाला, पोरगं आईच्या बाजूचं निघालं. गोजराबाईनं लेकाच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. तिचा ऊर भरून आला होता. नोकरीवर पाणी सोडायची वेळ येईल हे ठाऊक असून पोरानं आईला वाट दाखवली, असं तिला वाटलं. कुणालाही तसंच वाटलं असतं.

बायांना तर हे ऐकून हर्ष झाला. वर्षाराणीनं विचारलं, मावशी, हे तुम्हाला सुचलं कसं? गोजराबाई म्हणाली, सुचलं. पदराआड लेकाला झाकावं तसं तिनं त्याचं नाव झाकलं.

ग्रामसभेत ती उभी राहिली. शब्द आईच्या ओवीसारखे एकामागून एक सुटले. ती म्हणाली, आमचं शेत नाही, दुकान नाही. आमच्या अंगणात जे ऊन पडतं तेच आमचं शेत. शेठला किती मजले बांधायचे ते बांधू द्या, वैशाखात आमच्या कुरडईवर सावली नको. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाग्येश शेठनंही वाजवल्या, आणि उठून म्हणाला की ही अट त्याला मंजूर आहे, उन्हाच्या हक्काचं पहिलं गाव आपलं होऊ द्या. तेव्हा कुणाच्या मनात पाल चुकचुकली नाही.

मागं मंगळी उठली होती. वारली बाई, अंगानं काटकुळी. ती भाताबद्दल काही बोलू लागली, तर ग्रामसेवक म्हणाला की शेतीचा विषय नंतर घेऊ. मंगळी तरी उभीच. तेव्हा गोजराबाईनंच वळून तिला हातानं खाली बसायची खूण केली. बस गं मंगळे, आधी एवढं होऊन जाऊ दे. मंगळी बसली.

शेठनं पुढं आणखी एक मोठेपणा केला. म्हणाला, शब्दावर विसंबू नका, डोळ्यांनी बघा. वैशाखाच्या ऐन कडाक्यात त्यानं माळावर सात मजल्यांएवढी परांची उभी केली, बांबूंवर पत्रे ठोकून भिंतच केली म्हणा ना. बायांनी अंगणात लुगडी अंथरली, चिकाची भांडी आणली, सोऱ्यातून कुरडया पाडता पाडता दिवसभर पहारा केला. सकाळी सावली माळावर पश्चिमेकडं लांब पडली. ऊन चढलं तशी ती आखडत गेली आणि भर दुपारी परांचीच्या पायात अशी गुडूप झाली की शोधून सापडेना. कलत्या दुपारी निघाली ती पूर्वेकडं. अंगणाकडं तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. बाया हसून हसून बेजार. एवढं अगडबंब घर, पण सावली किती शहाणी, असं वर्षाराणी म्हणाली. शेठनं सगळ्यांना उसाचा रस पाजला.

सुजितही तिथंच होता, परांचीच्या बुडाशी टोपी घालून. गोजराबाईनं ओल्या कुरडईचा हात हलवून त्याला हाक मारली. त्यानं वर पाहिलं नाही. ऊनच तसं होतं.

नियम झाला. तीन मजल्यांचं कलम खोडलं आणि त्या जागी वाळवणाचं कलम आलं. बोईसरच्या एका साप्ताहिकात बायांचा फोटो छापून आला, मधोमध गोजराबाई, हातात सूप. तिनं तो भिंतीला लावला.

दोन पावसाळे गेले. इमारत वर गेली, रंगली, तिच्या कपाळावर नाव चढलं. तिच्या पायथ्याशी मधल्या वैशाखात कुरडया अशा खडखडीत वाळल्या की हातात घेतल्या तर वाजाव्या. मग दुसरी दिवाळी आली. भाऊबीजेच्या सकाळी गोजराबाई तुळशीला पाणी घालायला गेली तर कट्ट्याच्या पायाशी एक काळी रेघ होती. तिला वाटलं, पाणी सांडलंय. तिनं पायानं पुसलं. ते पुसलं गेलं नाही.

रेघ रोज पुढं सरकली. कार्तिक सरता सरता उंबऱ्याला लागली. मार्गशीर्षात भिंतीवर चढली, फोटोवरून गेली, आढ्यापर्यंत पोचली. आता सकाळ व्हायची ती नुसती उजेडाची. कपडे दोरीवर गारठून लोंबायचे. वर्षाराणीला नातू झाला होता. तेल लावून तान्ह्याला उन्हात धरायचं तर ती पोर घेऊन रस्त्यापलीकडच्या पानटपरीजवळ उभी राहायची, येणारे-जाणारे बघत जायचे. रांगेच्या टोकाला खळ्यावर मंगळीचा भात झोडलेला पडून होता. वरून दाणे कोरडे, हात खाली घातला की ओल. मग त्याला वास सुटला.

रामकिसन खुर्ची घेऊन ऊन शोधायचा. अंगणाच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, मग दाराबाहेर, मग थेट इमारतीला वळसा घालून पुढच्या अंगाला. तिथं ऊनच ऊन होतं. फाटकाशी, कुंड्यांच्या मध्ये तो हात पसरून बसला, तर वॉचमन आला. "बाबा, यहाँ मत बैठो. पार्टी लोग फ्लॅट देखने आता है." चांगल्या शब्दांत बोलला बिचारा, खुर्चीही घरापर्यंत उचलून आणून दिली. त्या दिवसापासून गुंड्या गोजराबाई लावायची. ती लावत असताना रामकिसन तोंड भिंतीकडं करून उभा राहायचा.

बाया पंचायतीत गेल्या. सरपंच माणूस वाईट नव्हता. त्यानं खुर्च्या दिल्या, चहा मागवला, नियम काढून मोठ्यानं वाचला.

"वाळवणाच्या दिवसांत सावली पडते का?"

नाही, असं वर्षाराणी म्हणाली.

"मग कलम कुठं मोडलंय? हे तुम्हीच मागितलं होतं, काकू," तो गोजराबाईकडं बघून म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

परतताना कारवीपाड्याच्या वळणावर मंगळी थांबली.

"गोजराबाय, तुमची कुरडई सुकली ना? आमचा भात तं थंडीत सुकतो. ह्या सालचा कुजला. मी सांगत होती, तवा तूच मला बसवली. तुमाला मे मयन्याचा ऊन पायजे होता, तो भेटला तुमाला."

वर्षाराणीनंही मग मनातलं बोलून घेतलं. मावशीला तेव्हा काय ती हुशारी सुचली, वाळवण वाळवण करून आमचे तीन मजले घालवले. दुसऱ्या दिवसापासून गोजराबाईच्या अंगणात कुणी हळदी-कुंकवाचं बोलवायला आलं नाही, की विरजण मागायला. तिला एका वाक्यात सुटता आलं असतं. ते वाक्य तिच्या जिभेवर येऊन बसायचं आणि ती ते गिळायची. लेकाचं नाव होतं त्यात.

आणि पौष लागला. अंगणात ऊन नव्हतं, तरी आईचा आवाज आला. या वेळी तो शालीसारखा आला नाही. खालच्या वाटंनं, म्हणत होता तो. अंगन मोकळं ठेव, म्हणत होता. गोजराबाई चुलीपुढं तशीच बसून राहिली. सगळं तर सांगून ठेवलं होतं मायनं. पौषात सूर्य वरून येत नाही, खालच्या वाटेनं येतो, अन् त्या वाटेवर कुणाला आडवं उभं राहू देऊ नको. ऊन म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढं कुरडई आली. कुरडई वाळवत बसलेल्या बाईला दुसरं काय दिसणार? आपलं चुकलं. पण आपण अडाणी. सुजित?

रविवारी तिनं त्याला वाढता वाढता सहज विचारलं, तुमच्या नकाशात सूर्य काढता का रे?

"काढतो ना," तो खाता खाता म्हणाला. "बारा महिन्यांचा. गिऱ्हाईक पहिलं तेच विचारतं, कुठल्या फ्लॅटला कधी ऊन येतं."

मग त्याचा घास तोंडाशीच थांबला. त्यानं आईकडं पाहिलं नाही. तिनं त्याच्या ताटात भाकरी टाकली. नेहमीसारखी.

संक्रांतीनंतर त्यानं पेढे आणले. त्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता, पुढच्या अंगाचा. शेठनं कामावर खूश होऊन पुष्कळ कमी करून दिला. पौषात वास्तू करत नाहीत, म्हणून माघातला मुहूर्त धरला होता. प्रतीक्षा लाजत होती, आनंदली होती. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. रामकिसननं पेढा घेतला. बोटांत धरता येईना, गोजराबाईनं भरवला.

वास्तूला सगळी रांग आली. आमंत्रण मोडायचं नाही म्हणून आल्या, नव्या फरशीवर ओळीनं बसल्या, गोजराबाईकडं न बघता. मंगळी दाराजवळ चपलांशेजारी बसली.

सुजितनं बापाला लिफ्टनं वर आणलं, हाताला धरून बाल्कनीत नेलं आणि खुर्चीवर बसवलं. काय ऊन होतं तिथं. ताज्या दुधासारखं, भांड्यात धरावं असं. रामकिसननं हात मांड्यांवर ठेवले, डोळे मिटले.

"बघ आई," सुजित सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "बाबांना रोज सकाळी इथं घेऊन येत जा. आपलंच घर आहे. हवं तेवढं ऊन."

गोजराबाई स्वयंपाकघरात पाणी आणायला गेली. तिथली खिडकी मागं उघडत होती. खाली तिची रांग होती. भर दिवसा सगळी अंधारात, शेवाळलेली कौलं, सुपाएवढं अंगण, टोकाला खळ्यावर काळपट पडलेला भाताचा ढीग. वरून बघितलं की कळत होतं, सावलीची कड कशी ओळंबा लावून आखल्यासारखी होती. कुणीतरी ती आखली होती.

ती परत आली तेव्हा रामकिसनचं पहिलं बोट सुटलं होतं. तिनं पंगतीला वाढायला घेतलं. आता बोललं तर उद्यापासून ही बाल्कनी त्याला बंद, हे ती जाणून होती. लेकाचं दार बंद, सुनेचं तोंड बंद, नातवंडं झाली तर तीही लांबूनच. तिनं भात वाढला, वरण वाढलं, तुपाची धार धरली. प्रत्येक पानापाशी थांबून ती बाल्कनीकडं बघत होती. रामकिसनचा हात सदऱ्याशी गेला. खालची गुंडी लागली. मधली निसटली, पुन्हा धरली, लागली. बाया जेवत होत्या. त्याची बोटं गळ्याशी पोचली, अडखळली.

"लागली," रामकिसन उन्हातून म्हणाला, आणि लहान पोरासारखा हसला.

गोजराबाईनं वाढपाचं भांडं खाली ठेवलं. ती दाराशी गेली, चपलांशेजारी, मंगळीसमोर मांडी घालून बसली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण पंगतीतले हात थांबले.

"मंगळे, ती वाळवणाची अट मला सुचली न्हवती. सुजितनं सांगितली होती. अन् थंडीतलं ऊन कुठून येतं, ते त्याला तवाच ठावं होतं."